चारच चित्रपटांचा दिग्दर्शक : बिल डग्लस

स्कॉटलंडच्या राजधानीपासून थोड्याच अंतरावर न्यूक्रेगहॉल नावाचे एक खेडे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील जवळजवळ प्रत्येक घरचा कर्ता पुरुष कोळशाच्या खाणीत उतरत असे. एकाला एक लागून असलेली विटांची बैठी घरे, दारात काळा चिखल व डोक्यावर धुराने मळलेले आकाश, असा तेथला देखावा असे. या वस्तीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक किडकिडीत मुलगा जॅमच्या रिकाम्या बरण्या शोधीत हिंडे. बरणी परत केली म्हणजे दुकानदार तिचे काही मोल देत असे. म्हणून जवळच्या चित्रपटगृहाचा मालकही तिकिटाच्या पैशाऐवजी बरण्या पत्करीत असे. घरात जॅम क्वचितच येई, मग रिकामी बरणी कोठून येणार? शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून, उकिरड्यावरून उचलून, धुऊनपुसून तो त्या नेई आणि दोन तास अंधारात जाऊन बसे. आमच्याकडे मुरंब्याची बरणी रिकामी झाली की ती धुऊन लोणच्यासाठी ठेवण्याची चाल आहे. तिच्या बदल्यात कोणी स्वप्न विकत घेतल्याचे आम्ही तरी प्रथमच ऐकिले.

त्या मुलाचे नाव बिल डग्लस. त्याचा जन्म १७ एप्रिल १९३४ रोजी झाला व १८ जून १९९१ रोजी सत्तावन्नाव्या वर्षी त्याचा अंत झाला. या आयुष्यात दिग्दर्शक या नात्याने त्याच्या हातून रसिकांसमोर आलेले प्रमुख चित्रपट चारच. पैकी पहिले दोन तर तासाभराचेही नाहीत. एका वर्षात चार बोलपट पुरे करणारे दिग्दर्शक आम्ही आमच्याकडे पाहिलेले आहेत. असे असता या चार चित्रांच्या धन्याविषयी एवढे विस्ताराने लिहावयाचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण असे की, चित्रपट ही पैशाची आणि पुष्कळ माणसांची कला असताना, एका निर्धन व काहीशा हट्टी माणसाने ती कवितेच्या वहीसारखी एकट्याची करून दाखविली. आणि दुसरे असे की, त्याने जे दाखविले ते दाखवावे की झाकावे, हा प्रश्न आमच्यासारख्या भरल्या घरांत राहणाऱ्यांस फार जवळचा आहे.

डग्लसच्या बालपणाची हकीकत थोडक्यात सांगता येण्यासारखी असली तरी ऐकावयास सोपी नाही. त्याच्या आईबापांचे लग्न झालेले नव्हते. आई वेड्यांच्या इस्पितळात. बाप त्याच वस्तीत आपल्या आईजवळ राहणारा, परंतु मुलाकडे पाठ फिरविलेला. तेव्हा मुलास वाढविले ते आईच्या आईने. ही आजी म्हातारी, थकलेली आणि कमालीची दरिद्री होती. ती वारल्यावर मुलगा बापाच्या आईकडे गेला आणि तेथे त्याला पोटभर मिळाली ती फक्त बोलणी. पुढे काही काळ अनाथांच्या वसतिगृहात गेला. आमच्या समाजात आजोळ हा शब्द उच्चारला की दूधभात, उन्हाळ्याची सुट्टी आणि आंब्याची अढी डोळ्यांपुढे येते. त्या मुलाच्या आजोळी चुलीत घालावयास लाकूड नसे.

त्या काळी ब्रिटनमध्ये प्रत्येक तरुणास सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे. डग्लस विमानदलात भरती झाले व १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची नेमणूक ईजिप्तमध्ये, सुएझ कालव्याच्या टापूत झाली. वाळू, तंबू व कंटाळा यांवाचून तेथे दुसरे काही नव्हते. परंतु तेथे त्यांना पीटर ज्युएल भेटले. ज्युएल हे इंग्लंडातील मध्यम वर्गातले, वाचनाची गोडी असलेले तरुण. खाणवस्तीतल्या पोराच्या हातात पुस्तके आली ती या मैत्रीतून. हा स्नेह पुढे जन्मभर टिकला. नोकरी संपवून दोघे लंडनला आले, एकत्र बिऱ्हाड करून राहिले, व डग्लस यांच्या पडत्या काळात ज्युएल यांनीच त्यांना सावरले. आमच्यात रक्ताच्या नात्याचे माहात्म्य फार. रक्ताच्या नात्याने ज्याला टाकले त्याला एका परक्याने घर दिले, हे डग्लस यांच्या चरित्रातले कदाचित सर्वांत महत्त्वाचे वाक्य असेल. आणि त्यांच्या तिसऱ्या चित्रपटाचा विषयही तोच आहे.

लंडनमध्ये डग्लस यांनी नाना खटपटी केल्या. जोन लिटलवुड या सुप्रसिद्ध दिग्दर्शिकेच्या नाट्यसंस्थेत ते काही काळ नट होते. दूरचित्रवाणीवर लहानमोठ्या भूमिका केल्या. एक संगीत नाटकही लिहिले. यांपैकी कशानेच त्यांचे नाव झाले नाही. अखेर १९६९ साली, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी लंडनच्या चित्रपटविद्यालयात प्रवेश घेतला. आजूबाजूचे विद्यार्थी विशी-बाविशीचे. पस्तिसाव्या वर्षी पुन्हा पाटी घेऊन बसणे किती लाजिरवाणे वाटते, हे नोकरी सांभाळून परीक्षेस बसलेल्या आमच्या अनेक वाचकांना सांगावयास नको. तेथून बाहेर पडताना त्यांच्या बगलेत एक लहानशी पटकथा होती. तिचे नाव ‘जेमी’. त्यात एका खाणवस्तीतला मुलगा, त्याची आजी, आणि एक जर्मन युद्धकैदी एवढीच पात्रे महत्त्वाची.

आता या पटकथेस पैसा कोण देणार? स्कॉटलंडविषयीच्या चित्रपटांना उत्तेजन देणारी एक संस्था त्या वेळी होती. तिने ही कथा नाकारली. देशाचे उद्योगी, प्रगत रूप जगापुढे मांडावे, हे तिचे धोरण. त्यात उपाशी मुले आणि वेडी आई बसणार कोठे? आमच्याकडे म्हणच आहे की झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हण घरालाच लागू पडते असे नव्हे, देशालाही लागू पडते, आणि साहेबाच्या देशालाही पडते, हे पाहून आम्हास किंचित गंमत वाटली.

मग डग्लस लंडनमधील ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे वळले. या संस्थेचे एक निर्मितिमंडळ होते व नव्या, अपरिचित कलावंतांच्या लहान चित्रपटांस ते थोडेथोडे द्रव्य देत असे. १९७१ साली त्याच्या प्रमुखपदी मामून हसन हे गृहस्थ आले. हसन यांचा जन्म अरबस्तानातला, म्हणजे इंग्लंडात तेही एका अर्थी परकेच. त्यांनी पटकथा वाचली आणि पैसा दिला. पण एक सूचना केली. ‘जेमी’ हे नाव काढा आणि सरळ ‘माझे बालपण’ म्हणा. सूचना लहान दिसते, परंतु तिच्यात सारे काही आले. जेमी म्हटले म्हणजे कोणीतरी एक पोर. त्याच्याआड लेखकाला लपता येते. ‘माझे’ म्हटले की आडोसा गेला. डग्लस यांनी सूचना मान्य केली. चित्रपट ‘माय चाइल्डहूड’ या नावाने पुरा झाला आणि १९७२ साली व्हेनिसच्या चित्रपट-उत्सवात त्याला रुपेरी सिंहाचे पारितोषिक मिळाले.

चित्रपट अवघ्या ४६ मिनिटांचा, काळापांढरा, जवळजवळ निःशब्द. काळ १९४५ चा. आजीजवळ दोन मुले आहेत, टॉमी आणि जेमी. आई एक, बाप निरनिराळे. शेतावर राबणाऱ्या हेल्मुट नावाच्या जर्मन कैद्याशी जेमीची गट्टी जमते. चित्रांच्या पुस्तकावरून तो त्याला इंग्रजी शब्द शिकवितो. शत्रूचा शिपाई हाच त्या मुलाच्या आयुष्यातला एकमेव मायाळू पुरुष. युद्ध संपते, गाव आनंद करते, आणि जेमीपुरता तो दिवस दुःखाचा ठरतो. कारण कैदी आपल्या देशी परत जातो.

या चित्रपटातल्या एका प्रसंगाविषयी आम्हास थोडे थांबून लिहावेसे वाटते. थंडीचे दिवस आहेत. आजी खुर्चीत बसली आहे. तिचे हात गारठले आहेत. जेमी किटलीतले उकळते पाणी एका पेल्यात ओततो. प्रेक्षकास वाटते, चहा करीत असेल. पेला भरतो, भरून वाहू लागतो, तरी तो ओततच राहतो. मग तो ते सारे पाणी फेकून देतो. काय खोडसाळ पोर, असे आपण म्हणतो न म्हणतो तोच तो रिकामा पण तापलेला पेला उचलून आजीच्या हातांत देतो आणि तिची बोटे त्याच्याभोवती मिटवितो. चहाची पूड घरात नाही. ऊब मात्र देता येते. या सर्व वेळात कोणी एक शब्द बोलत नाही, पार्श्वभूमीस वाद्य वाजत नाही, मुलाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. आमच्या बोलपटांत असा प्रसंग असता तर एक पद खास झाले असते, आणि आम्ही रुमाल काढून रडलोही असतो. येथे रडावयास सवड मिळत नाही. प्रसंग संपून पुढचा सुरू झाल्यावर कोठेतरी छातीत काही रुतल्याचे ध्यानात येते.

आमच्या वाचकांना येथे आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहणार नाही. १९५३ सालचा तो चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. त्यातही दारिद्र्य आहे, कर्जबाजारीपणा आहे, लहान मुलाच्या जिवास लागलेले बोल आहेत. पण तेथे आई आहे. श्यामच्या घरातले सर्व काही गेले तरी आईची शिकवण उरते, आणि पाहणारा जड अंतःकरणाने का होईना, पण काही घेऊन उठतो. डग्लस यांच्या घरात आईच हरवली आहे. आजीबरोबर मुले तिला भेटावयास इस्पितळात जातात, तेव्हा ती खाटेवर पडलेली असते व मुलांकडे पाहतही नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोण असा वाद घालणे व्यर्थ होय. एवढे मात्र खरे की, श्यामला आपली गोष्ट आश्रमातल्या मित्रांना सांगता आली. जेमीला ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून त्याच्या चित्रपटात बोलणे इतके थोडे आहे, असे आम्हास वाटते.

जेमीचे काम करणारा मुलगा नट नव्हता. डग्लस एडिंबरोमध्ये योग्य मुलाच्या शोधात असता बसच्या थांब्यावर त्यांना दोन पोरे भेटली. शाळा बुडवून हिंडत होती. त्यांतल्या एकाने त्यांच्याकडे सिगारेट मागितली! त्याचे नाव स्टीफन आर्चिबाल्ड. तोच जेमी झाला व त्याचा सोबती ह्यूई रेस्टोरिक हा टॉमी. स्टीफनचा चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही. वय लहान पण नजर म्हाताऱ्याची. मान नेहमी थोडी खाली, जणू कोणी मारील म्हणून तयार. त्याला अभिनय शिकवावा लागला नाही, असे म्हणतात, आणि ते फारसे आनंदाने ऐकावयाचे वाक्य नव्हे.

दुसरा चित्रपट ‘माय एन फोक’, म्हणजे ‘माझीच माणसे’, १९७३ साली आला. हा ५५ मिनिटांचा. आरंभी पडद्यावर एकदम झगझगीत रंग येतात : हिरवे डोंगर, निळे आकाश आणि लॅसी नावाची सुप्रसिद्ध कुत्री. टॉमी चित्रपटगृहात बसून ते पाहात आहे आणि त्याच्या गालावर अश्रू आहेत. पुढच्याच क्षणी रंग जातात आणि खाणीत उतरणारा पिंजरा अंधारात खाली जातो. तीनही चित्रांत रंग येतो तो एवढाच, आणि तोही दुसऱ्याच्या चित्रपटातून उसना घेतलेला. जॅमच्या बरण्यांचा अर्थ ज्याला सांगावयाचा आहे त्याने याहून अधिक काय सांगावे? या भागात आजी मेलेली आहे, टॉमीस संस्थेत नेले आहे, आणि जेमी बापाच्या आईच्या घरी आहे. ही दुसरी आजी पाहून अंगावर काटा येतो. ती कधी मुलास हाकलते, तर कधी दारूच्या भरात त्याला कवटाळते. बरे, तिला केवळ दुष्ट रंगवावी तर डग्लस तसेही करीत नाहीत. स्वतःच्या मुलावर तिचा जीव आहे. ते प्रेमच कुजून विषारी झाले आहे. सासुरवास, सवतीमत्सर, सावत्रपणा यांच्या कथांवर आमचे अर्धे वाङ्मय पोसलेले आहे. तरीही एवढ्या निर्विकारपणे सांगितलेली गृहकलहाची कथा आम्ही फारशी पाहिलेली नाही.

येथे आमच्या घरांतून एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या घराने, कसे का होईना, दोन घास घातले, त्याची लक्तरे चारचौघांत, नव्हे देशोदेशींच्या पडद्यांवर, टांगावी काय? मेलेल्या आजीला उत्तर देता येत नाही. आपल्याकडे वडिलांविषयी भलेबुरे लिहिताना हात अडखळतो, तो निव्वळ भित्रेपणाने नव्हे. घराने एकमेकांचे झाकावे या कराराने अडखळतो, आणि त्या करारावाचून एकत्र कुटुंब चार दिवस चालणार नाही. या आक्षेपास डग्लस यांच्या चित्रपटांत एक उत्तर आहे असे आम्हास वाटते. ते कोठेही कोणावर आरोप करीत नाहीत. असे का झाले, दोष कोणाचा, हे ते सांगत नाहीत. आपली दया यावी अशी त्यांची मागणीही नाही. मुलाने जेवढे पाहिले तेवढेच ते दाखवितात, आणि मुलाला जे कळले नाही ते आपल्यालाही कळू देत नाहीत. झाकण्याचा करार सर्वांच्या रक्षणासाठी असतो. ज्या मुलाचे त्याने रक्षण केले नाही त्याच्यावर तो कितपत बंधनकारक राहतो? आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांचे याविषयी मत निराळे असू शकेल. आमचे मत आम्ही नोंदविले.

तिसऱ्या चित्रपटास पाच वर्षे लागली. ‘माय वे होम’ १९७८ साली आला. यात जेमी वसतिगृहातून, पोसणाऱ्या परक्या घरातून, बेघरांच्या निवाऱ्यातून फिरत फिरत विमानदलात व ईजिप्तच्या वाळवंटात पोचतो. स्टीफन आता मोठा झालेला. तोच चेहरा, तीच नजर, फक्त उंची वाढलेली. एका मनुष्याचे बालपण व तारुण्य एकाच नटाकडून, खऱ्याखुऱ्या वर्षांच्या अंतराने, असे क्वचितच पाहावयास मिळते. वाळवंटात रॉबर्ट नावाचा सुशिक्षित इंग्रज तरुण त्याला भेटतो व पुस्तके देतो. आरंभी जेमी ती धड हातातही धरीत नाही. पडद्यावर प्रकाश वाढत जातो. खाणवस्तीतल्या काजळीनंतर ती पांढरी वाळू डोळ्यांस दिपवून टाकते. शेवटी न्यूक्रेगहॉलच्या ओस घरातील रिकाम्या खोल्या दिसतात, विमानाचा आवाज ऐकू येतो आणि मग मोहरलेले एक झाड. त्यापुढे काही नाही.

हे तीन चित्रपट मिळून तीन तासही होत नाहीत. जगातील जाणत्या समीक्षकांनी त्यांना ब्रिटिश चित्रपटांतील अग्रगण्य स्थान दिले आहे. परंतु कीर्तीने दिग्दर्शकाचे पोट भरत नाही. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्याकडे पूर्वी ‘प्रभात’सारख्या संस्था होत्या, तेथे कलावंतास मासिक पगार, स्वतःचा स्टुडिओ व स्वतःचे वितरण असे. स्वतंत्र दिग्दर्शकास यांतले काही नसते. प्रत्येक चित्रपटासाठी त्याला नव्याने दारोदार जावे लागते. दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकावी लागली, तोच हा मार्ग. त्यातून डग्लस यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. त्यांच्या पटकथांत कॅमेऱ्याच्या सूचना नसत. एकेका ओळीत एकेक दृश्य असे आणि ते तसेच्या तसे उतरले पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. दृश्य अधिक वेळा, निरनिराळ्या बाजूंनी टिपून ठेवून पुढे संकलनात पाहू, ही नेहमीची रीत त्यांना मान्य नव्हती. सहकाऱ्यांशी खटके उडत. त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नव्हते, हे त्यांचे चाहतेही नाकारीत नाहीत. १९७८ नंतर काही वर्षे ते राष्ट्रीय चित्रपटविद्यालयात शिकवीत होते. त्याच सुमारास त्यांनी एक मोठी पटकथा लिहिली, आणि ती पडद्यावर यावयास जवळजवळ आठ वर्षे जावी लागली.

ती कथा टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांची. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात हे गाव आहे. तेथे मजुरांचा आठवड्याचा पगार नऊ शिलिंगांवरून आठ, आठांवरून सात असा उतरत गेला, आणि पुढे सहा होणार अशी वदंता उठली. तेव्हा जॉर्ज लव्हलेस या धर्मोपदेशक मजुराच्या पुढाकाराने काही मजुरांनी संघ स्थापिला. संघ स्थापणे त्या वेळी गुन्हा नव्हता. म्हणून सरकारने नाविकांच्या बंडासाठी १७९७ साली केलेला, गुप्त शपथा घेण्याविरुद्धचा कायदा शोधून काढला आणि मार्च १८३४ मध्ये सहाही जणांस सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. त्यांना जहाजांतून ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. देशभर गवगवा झाला, लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. १८३७ ते १८३९ या काळात ते परतले; पुढे पाचांनी कॅनडात जाऊन वस्ती केली आणि जेम्स हॅमेट हा एकटा गावी राहिला. तेच राज्य, तीच शिक्षेची तऱ्हा आणि तोच समुद्र! अंदमानच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. साहेबाने काळे पाणी प्रथम आपल्याच गरिबांना दाखविले होते.

‘कॉम्रेड्स’ हा चित्रपट १९८६ साली लंडनच्या उत्सवात दाखविला गेला व पुढल्या वर्षी प्रदर्शित झाला. लांबी तीन तासांहून थोडी अधिक. मजुरांच्या भूमिका त्या काळी फारशा नावाजलेल्या नसलेल्या नटांनी केल्या, आणि जमीनदार व अधिकारी यांच्या भूमिका व्हॅनेसा रेडग्रेव्ह, जेम्स फॉक्स, रॉबर्ट स्टीफन्स यांच्यासारख्या नामांकितांनी. ज्यांचे चेहरे जगाला ठाऊक तेच श्रीमंत. गरिबांना चेहराच नाही. ही योजना मोठी मार्मिक आहे. परंतु खरी नवलाची गोष्ट निराळीच. सारी कथा जादूचा कंदील दाखविणाऱ्या एका फिरस्त्याच्या तोंडची म्हणून सांगितली आहे. ॲलेक्स नॉर्टन हा नट हा फिरस्ता होतो, आणि पुढे तोच वेष पालटून डझनभर रूपांत पुन्हा पुन्हा येतो : कधी काळ्या कागदाच्या छायाकृती कापणारा, कधी भव्य देखाव्यांचा खेळवाला, तर कधी ऑस्ट्रेलियाच्या रानातला छायाचित्रकार. मजुरांच्या दुःखाबरोबरच चित्रपटाच्या पूर्वजांची ही सर्व पिढी डोळ्यांसमोरून जाते.

जादूच्या कंदिलाचे नाव निघाले म्हणजे कल्याणच्या पटवर्धन घराण्याची आठवण आम्हास झालीच पाहिजे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने हा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पट्ट्या अशा कौशल्याने सरकवावयाच्या की पडद्यावरचे देव हातपाय हलवू लागत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली, त्याच्या आधीची ही गोष्ट. पटवर्धनांचा कंदील काय किंवा डग्लसचा काय, अंधारात बसलेल्या माणसांना प्रकाशाने गोष्ट सांगण्याची हौस एकच. डग्लस व ज्युएल यांना अशा वस्तूंचा मोठाच नाद होता. १९६१ पासून दोघे जुन्या बाजारांतून कंदील, काचपट्ट्या, फिरती चित्रचक्रे, जुनी पुस्तके, तिकिटे, नटनट्यांची चित्रे गोळा करीत राहिले. हाती पैसा नाही आणि घरात पाय ठेवावयास जागा नाही, अशी अवस्था या नादाने होत असे. ज्यांच्या घरात एखादे काका जुनी नाणी किंवा पोथ्या जमवितात, त्या घरांतील गृहिणींना अधिक सांगणे नको.

‘कॉम्रेड्स’ चित्रपटगृहांत फार दिवस टिकला नाही. तीन तासांचे, संथ, मजुरांचे चित्र त्या काळच्या इंग्लंडला नको होते. डग्लस यांच्यापाशी आणखी पटकथा तयार होत्या. जेम्स हॉग या स्कॉटिश लेखकाच्या एका विलक्षण कादंबरीवरची एक; धावत्या घोड्याची छायाचित्रे घेणाऱ्या माइब्रिजच्या चरित्रावरची दुसरी. त्यांना पैसा उभा राहिला नाही. कर्करोगाने गाठले आणि डेव्हन परगण्यातील बार्न्स्टेपल येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची ‘रिंग ऑफ ट्रूथ’ ही एक पटकथा मृत्यूनंतर, १९९६ साली, दूरचित्रवाणीवर दुसऱ्याच्या हातून आली. स्टीफन आर्चिबाल्डच्या वाट्याला पुढे फारसे सुख आले नाही. १९९८ साली तोही गेला. तीन चित्रांपुरता त्याला कोणीतरी नीट पाहिले, एवढेच.

ज्युएल यांनी तो सर्व संग्रह एक्सटर विद्यापीठास देऊन टाकला. १९९७ साली तेथे त्याचे दालन उघडले. आज ते बिल डग्लस सिनेमा म्युझियम म्हणून ओळखले जाते, आणि पुढे मिळालेल्या देणग्यांमुळे तेथील वस्तूंची संख्या ऐंशी हजारांच्या वर गेली आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त इंग्लंडात राहणारी मुलेबाळे आता बहुतेक घरांतून आहेत. त्यांपैकी कोणी एक्सटरच्या बाजूस गेले तर ते दालन पाहून यावे; प्रवेशास मूल्य नाही, बरणी तर नाहीच नाही.

चित्रपटांविषयी सांगावयाचे तर, पहिली तीन चित्रे २००८ साली व ‘कॉम्रेड्स’ २००९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने नीट दुरुस्त करून घरी पाहण्याजोग्या तबकड्यांच्या रूपाने काढली. तिन्ही एकाच रात्री पाहू नयेत, असा आमचा सल्ला आहे. एक पाहून दोन दिवस जाऊ द्यावे. ‘माय चाइल्डहूड’मध्ये मांजर कॅनरी पक्ष्याला मारते आणि टॉमी त्या मांजराला मारतो, असा एक प्रसंग आहे, तेव्हा लहानग्यांना त्या वेळी जवळ बसवू नये. थोरल्या मुलांना अवश्य दाखवावे, आणि घरात आजी असतील तर पेल्याच्या प्रसंगाच्या वेळी त्यांनाही हाक मारावी. शब्दच नसल्यामुळे भाषेची अडचण त्यांना पडणार नाही.